नाव सॉफ्ट, बॉल टणक

१८८७ साली शिकागोच्या फॅरागट बोट क्लबात बॉक्सिंगचा ग्लोव्ह बांधून त्याचा बॉल केला, झाडूच्या दांड्याची बॅट. झाला सॉफ्टबॉल! पुढे बॉल टणक झाला, नाव तेच राहिलं. बेसमधलं अंतर ६० फूट. त्यामुळे बॅट आडवी धरून बॉल पुढ्यात टपकवायचा, म्हणजे बंट करायचा पवित्रा दिसला की तिसऱ्या बेसवरची मुलगी पुढे धावते. फेक बंटवाली नेमकी तेव्हाच बॅट मागे घेऊन सणसणीत हाणते.

आता गणित बघा. अंतर ३० फूट, वेग ताशी ६० मैल... सेकंदाचा जेमतेम तिसरा हिस्सा! मोठ्यांच्या खेळात ही चलाखी मला आवडते. दहा वर्षांच्या पोरींत अजिबात नाही. अमेरिकेत काही स्थानिक लीगांनी लहान गटांत ती बंदच केली. इतरत्र फेस मास्कवर भागवतात. मास्क हवाच हो, पण माझं मत आधी बंदीला.