वाशी (नाम)

वाशी : महाराष्ट्रातील अनेक गावांचे व वस्त्यांचे एकच नाव. मराठवाड्यातील तालुक्याचे ठाणे, नवी मुंबईचे उपनगर, पेणच्या खारपट्ट्यातील गाव, कोल्हापूरजवळचे खेडे आणि संगमेश्वर तालुक्यातील दोन गावे या नावाने ओळखली जातात. त्यामुळे नुसत्या ‘वाशी’वरून ठिकाण ठरत नाही, तालुका, जिल्हा किंवा पिनकोड जोडावा लागतो.

धाराशिव जिल्हा : धाराशिवच्या आठ तालुक्यांपैकी एक. ठाण्याच्या गावी नगरपंचायत आहे. बालाघाटच्या डोंगररांगेतील हा अवर्षणप्रवण, मुख्यतः शेतीवर जगणारा तालुका. सोलापूर–धुळे राष्ट्रीय महामार्गावरील पारगाव आणि फटाक्यांच्या कारखानदारीसाठी प्रसिद्ध असलेले तेरखेडा ही गावे याच तालुक्यात येतात. विधानसभेसाठी वाशी परंडा मतदारसंघात मोडते. इंग्रजी सरकारी कागदांत या गावाचे नाव बहुधा ‘डब्ल्यू’ने, तर नवी मुंबईच्या वाशीचे ‘व्ही’ने लिहितात. २०२३ मध्ये उस्मानाबाद जिल्ह्याचे धाराशिव झाले, तेव्हा येथील पत्त्यातला जिल्हा बदलला, गावाचे नाव तेच राहिले.

नवी मुंबई : आज ‘वाशी’ म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे हीच येते. ठाणे खाडीकाठच्या आगरी-कोळी वस्तीचे हे मूळ नाव. जुना भाग अजूनही वाशीगाव म्हणून ओळखला जातो. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि नव्या शहराच्या पहिल्या वसाहतींत वाशीची आखणी झाली. १९७३ मध्ये खाडीवर पूल झाला, १९९२ मध्ये मानखुर्दहून लोकल आली. मुंबईतील घाऊक बाजार टप्प्याटप्प्याने वाशी–तुर्भे परिसरात हलले, आणि ‘वाशी मार्केट’ हा शब्द राज्यभरच्या शेतकऱ्यांच्या तोंडी बसला. कांद्याचा वा आंब्याचा ‘वाशीचा भाव’ विचारला जातो तो येथला. धाराशिवच्या वाशीतला शेतकरीही याच अर्थाने तो विचारतो. चेंबूरचा ‘वाशी नाका’ मात्र खाडीच्या अलीकडे, मुंबईतच आहे. नवखा प्रवासी तेथे हमखास फसतो.

इतर गावे : रायगड जिल्ह्याच्या पेण तालुक्यातील वाशी खारपट्ट्यात, वढावच्या शेजारी आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील वाशी करवीर तालुक्यात असून बिरदेवाच्या देवस्थानामुळे परिचित आहे. रत्नागिरी जिल्ह्याच्या संगमेश्वर तालुक्यात दोन वाश्या असल्याने तालुक्याचे नाव जोडूनही भागत नाही. महसूल दप्तरात त्यांची नोंद ‘वाशी तर्फ संगमेश्वर’ आणि ‘वाशी तर्फ देवरुख’ अशी होते. तर्फ हा गावांचा जुना महसुली गट. त्याचा कारभार कधीच संपला, पण सातबाऱ्यावर तो गावाची ओळख पटवण्याचे काम अजून करतो.

समोच्चारी शब्द : ऋग्वेदात ‘वाशी’ हे सुताराचे तासण्याचे धारदार हत्यार आहे, मरुतांच्या हातीही ते दिसते. जपानी भाषेत हातकागदाला वाशी म्हणतात. या कागदाच्या कारागिरीचा युनेस्कोने २०१४ मध्ये अमूर्त वारशाच्या यादीत समावेश केला. सजावटीच्या ‘वाशी टेप’मधला शब्द हाच. डिसेंबर २०११ मध्ये फिलिपाईन्समधील मिंडानाओ बेटावर हजाराहून अधिक बळी घेणाऱ्या वादळाचे नावही वाशी होते. तेथे जपानी शब्दाचा अर्थ ‘गरुड’ असा आहे. महाराष्ट्रातील गावांशी या जपानी शब्दांचे नाते केवळ उच्चारापुरते आहे. विदर्भातील वाशीम हेही स्वतंत्र नाव असून त्याचा वाशीशी घोळ घालू नये.

पत्रव्यवहार : धाराशिवच्या वाशीचा पिनकोड ४१३५०३, तर नवी मुंबईच्या वाशीचा ४००७०३ आहे.