ध्वनियंत्रांची जोड

जुनी ध्वनियंत्रे जमविणाऱ्या शोकिनांत एक प्रश्न हमखास निघतो. ट्यूनर उत्तम, अॅम्प्लिफायर नामांकित, स्पीकरही मोलाचे. मग तिन्ही जोडल्यावर आवाज का फसतो? आमची हयात कामगार-संघटनेत गेली, यंत्रविद्येची पदवी आमच्यापाशी नाही. तरी या प्रश्नाचे उत्तर इतिहासात आहे आणि ते कोणासही समजण्यासारखे आहे.

ट्यूनर लहरींतून हवे ते केंद्र निवडतो. अॅम्प्लिफायर त्या क्षीण संकेताला बळ देतो. स्पीकर त्या बळाने हवा हालवतो. गिरणीत चात्यांचा वेग वाढवून सूत कच्चे काढले की धागा मागावर तुटतो आणि बोल मात्र विणकराला लागतो. येथेही दोष कोठला आणि ठपका कोणावर, हे आधी पाहिले पाहिजे.

1947 साली डी. टी. एन. विल्यमसन यांनी ‘वायरलेस वर्ल्ड’ या इंग्लिश मासिकात 15 वॅटच्या अॅम्प्लिफायरची रचना प्रसिद्ध केली. तिच्यात आवाजाची विकृती हजारात एका भागाच्या आत होती. रचना खुली छापल्यामुळे असंख्य हौशी माणसांनी घरी बसून ती उभी केली. ज्ञान कुलपात न ठेवल्याने केवढे काम होते, याचा हा दाखला आम्हाला फार मोलाचा वाटतो.

त्या काळी 15 वॅट पुरत, कारण स्पीकरच्या पेट्या मोठ्या असत आणि थोड्या बळावर पुष्कळ बोलत. मूळचे कापडधंद्यातले गिल्बर्ट ब्रिग्ज यांनी 1932 साली व्हार्फडेल स्पीकरचा धंदा काढला. 1954 साली त्यांनी क्वाडचे पीटर वॉकर यांच्या साहाय्याने लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये प्रत्यक्ष वादन आणि मुद्रित वादन एकापाठोपाठ ऐकविले. पुढे 2 मे 1955 रोजी रॉथम येथून बी.बी.सी.चे एफ.एम. प्रक्षेपण सुरू झाले आणि चांगल्या ट्यूनरला ऐकण्याजोगे काही मिळाले.

पण त्याच 1954 साली अमेरिकेत एडगर व्हिल्चर यांनी लहान, हवाबंद पेटीचा स्पीकर काढला. खर्जाचा आवाज लहान पेटीतून निघू लागला. किंमत मात्र अॅम्प्लिफायरने मोजली. तेवढ्याच बळावर एखादा स्पीकर दुसऱ्याहून 10 डेसिबल कमी बोलत असेल, तर बरोबरीच्या आवाजासाठी त्याला दहापट वॅट लागतात. विल्यमसनच्या काळचा अॅम्प्लिफायर अशा पेटीला जोडला की तो धापा टाकतो आणि आपण म्हणतो, व्हॉल्व्ह जुने झाले.

उलट बाजूही आहे. क्वाडने 1957 साली पातळ पडद्याचा विद्युत्-स्थितिक स्पीकर विक्रीस आणला, तो स्वतःच्याच 15 वॅटच्या अॅम्प्लिफायरशी मेळ धरून. 1975 साली त्याच कारखान्याचा 100 वॅटचा अॅम्प्लिफायर आला. तो दाबनियंत्रक न बसविता या स्पीकरला जोडला, तर आत ठिणगी पडून पडदा जळू शकतो. एकाच घरची दोन अपत्ये, पण बळ जास्त म्हणून हित जास्त झाले नाही.

ट्यूनरचेही तसेच. त्या पिढीतील कित्येक ट्यूनर स्वतःची वीज बाळगत नसत, ती सोबतच्या अॅम्प्लिफायरकडून घेत. जोडी फोडली की ते मुके होतात. कित्येकांची पट्टी 100 मेगाहर्ट्झपाशी संपे, आपल्याकडील एफ.एम. केंद्रे 108 पर्यंत पसरली आहेत, तेव्हा त्यांतील काही अशा यंत्रावर लागणारच नाहीत. 1955 चा ट्यूनर एकपदरी आवाजाचा. स्टिरिओसाठी त्याला वेगळा जोड लागतो.

म्हणून जुनी यंत्रे घेणाऱ्यांना आमचे सांगणे एवढेच, की खरेदी शेवटाकडून सुरू करावी. प्रथम खोली पाहावी, मग स्पीकर ठरवावा. त्याच्या पाठीवर लिहिलेले ओहम आणि त्याला लागणारे वॅट पाहून अॅम्प्लिफायर निवडावा. व्हॉल्व्हच्या अॅम्प्लिफायरला 4, 8 वा 16 ओहमची वेगवेगळी टोके असतात, त्यांतील योग्य तेच जोडावे. ट्यूनर सर्वांत शेवटी घ्यावा, आणि त्याला वीज कोठून मिळते हे विकणाऱ्यास विचारून मगच पैसे द्यावेत.