लोखंडी वाट आणि एका वाटाड्याची कबर

आज आपण इटलीच्या उत्तरेला, डोलोमाइट पर्वतात जाणार आहोत. डोंगराचं नाव आहे मोन्ते पातेर्नो, उंची 2,744 मीटर. शेजारीच ‘त्रे चिमे’ नावाचे तीन प्रसिद्ध सुळके उभे आहेत.

माथ्यावर जाणारी वाट ‘व्हिया फेराटा’ म्हणजे शब्दशः लोखंडी वाट आहे. कड्याला पोलादी दोर ठोकलेला असतो. आपल्या कमरेच्या पट्ट्याला दोन दोऱ्या आणि दोन आकडे असतात. दोर जिथे कड्यात पक्का केलेला असतो, तिथे आधी एक आकडा काढून पुढे अडकवायचा आणि मगच दुसरा काढायचा. दोन्ही एकदम कधीच सोडायचे नाहीत.

पण या वाटेची सुरुवात होते एका काळोख्या बोगद्यातून. डोक्यावर दिवा लावून ओल्या पायऱ्या चढाव्या लागतात. मध्येच भिंतीत खिडकी येते, समोर त्रे चिमे दिसतात. लोक थांबून फोटो काढतात. ही खिडकी फोटोसाठी केलेली नाही, हे लक्षात घ्या. पहिल्या महायुद्धात इटालियन सैनिकांनी हा डोंगर पोखरला, तो शत्रूच्या तोफांपासून आडोसा मिळावा आणि शत्रूवर नजर ठेवता यावी म्हणून.

तेव्हा इथे सरहद्द होती. या बाजूला इटली, त्या बाजूला ऑस्ट्रिया-हंगेरीचं साम्राज्य. 23 मे 1915 रोजी इटलीने युद्ध पुकारलं आणि ज्या कड्यांवर हौशी गिर्यारोहक चढत होते, तिथे खंदक खणले गेले.

खालच्या सेक्स्टेन गावात सेप इनरकोफ्लर नावाचा वाटाड्या राहत होता. पाहुण्यांना सुळक्यांवर नेणं हा त्याचा धंदा. पातेर्नोच्या समोरच त्याची पर्वतकुटी होती. तोफांच्या माऱ्यात ती पहिल्याच दिवसांत गेली. वय 49 असताना तो ऑस्ट्रियाच्या बाजूने स्थानिक तुकडीत उतरला. पातेर्नो इटालियनांच्या हाती होता. 4 जुलै 1915 च्या पहाटे काही सोबत्यांना घेऊन तो ओळखीच्या कड्यावरून वर चढला आणि माथ्याजवळ मारला गेला. पिएरो दे लुका या इटालियन सैनिकाने वरून टाकलेल्या धोंड्याने तो पडला, असं सांगतात. गोळी लागली, असंही काही जण म्हणतात. एक मात्र नक्की, की ज्यांच्यावर तो चालून गेला, त्याच इटालियनांनी त्याचा देह वर नेऊन माथ्यावर पुरला. 1918 मध्ये त्याला गावच्या दफनभूमीत आणलं गेलं.

आता पुढची गंमत, गंमत कसली, शोकांतिकाच म्हणा. 1919 च्या तहात सेक्स्टेन इटलीकडे गेलं. ज्या देशाविरुद्ध तो लढला, त्याच देशात आज त्याची कबर आहे. आणि वाटेचं नाव? ‘दे लुका-इनरकोफ्लर’. दोघांचंही.

या आघाडीवर माणसं फक्त गोळ्यांनी मेली नाहीत. 13 डिसेंबर 1916 रोजी मार्मोलादा पर्वतावर हिमकडा कोसळला आणि ऑस्ट्रियाच्या एकाच छावणीतले अडीचशेहून अधिक सैनिक गाडले गेले. त्या दिवसांतल्या हिमप्रपातांना ‘पांढरा शुक्रवार’ म्हणतात, पण तो वार होता बुधवार. सियाचिन ठाऊक असलेल्या आपल्याला वेगळं सांगायला नको, की एवढ्या उंचीवर पहिला शत्रू डोंगरच असतो.

मला इथे सह्याद्री आठवतो. 1818 मध्ये मराठेशाही बुडाल्यावर इंग्रजांनी अनेक गडांच्या पायऱ्या सुरुंग लावून उडवल्या, पुन्हा कुणी गडाचा आसरा घेऊ नये म्हणून. अलंग-मदनवर दोर लावून चढणाऱ्याला ती जखम आजही हाताला लागते. आपल्याकडे युद्धाने वाटा मोडल्या, तिथे युद्धाने वाटा केल्या. पुढे त्यांतल्या काही दुरुस्त करून सर्वांसाठी खुल्या झाल्या.

तेव्हा मंडळी, कधी त्या बोगद्यात गेलात, तर खिडकीपाशी दिवा क्षणभर विझवा. बंदूक धरून इथे बसलेला मुलगा तुमच्या-माझ्या घरातल्या पोरांच्याच वयाचा असेल. मग आकडा नीट अडकवा आणि पुढे निघा. पुढच्या भागात भेटूच.