पाटावरची चिठ्ठी आणि चोवीस शक्यता

गणेशमूर्तींसाठी ख्यातकीर्त असलेल्या पेणमध्ये, तसेच लगतच्या हमरापूर, जोहे या गावांत मूर्तिकारांचे असंख्य कारखाने आहेत. मूर्ती सांगताना घरचा पाट कारखान्यात नेऊन देण्याची कोकणात जुनी प्रथा असून, पाटावर यजमानाचे नाव लिहिलेले असते. समजा, तीन पाटांवरील नावांच्या चिठ्ठ्या गळून पडल्या आणि न पाहता पुन्हा चिकटवल्या गेल्या. किमान एका घरी त्याचीच मूर्ती जाण्याची संभाव्यता किती?

अंदाज न बांधता सर्व शक्यता मांडाव्यात. खरा क्रम कखग धरल्यास कखग, कगख, खकग, खगक, गकख, गखक असे सहाच प्रकार संभवतात. त्यांपैकी खगक व गकख या दोहोंतच सर्वांची चुकामूक होते. म्हणजे उत्तर सहात चार.

पाट चार झाले की प्रकार २४ होतात. सर्व चिठ्ठ्या चुकीच्या जागी असे ९, एकच बरोबर असे ८, दोन बरोबर असे ६ आणि चारही बरोबर असा १. नेमक्या तीन बरोबर असा प्रकारच नाही; तीन जागच्या जागी लागल्यावर चौथी जाणार कोठे? येथे संभाव्यता १५/२४, म्हणजे ६२.५ टक्के. पाट वाढले की ती घसरत जाईल, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात पाच पाट असोत वा पाच हजार, ती ६३ टक्क्यांच्या आसपासच राहते. फ्रेंच गणिती माँमोर याने १७०८ मध्ये पत्त्यांच्या खेळाच्या निमित्ताने हाच प्रश्न मांडला होता.

चोवीस हा आकडा मराठी मुलखाला अपरिचित नाही. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त (इ. स. ११५०) शंख, चक्र, गदा, पद्म चार हातांत अदलून-बदलून विष्णूची रूपे किती होतील, असे विचारले आहे. केशव, नारायण, माधव ही संध्येतील चोवीस नावे त्याच रूपांची. शंकराच्या दहा हातांतील दहा आयुधांसाठी मात्र उत्तर ३६,२८,८०० येते. तेथे यादी नव्हे, गुणाकारच हवा.

यादीतही एक पथ्य आहे: मांडलेल्या शक्यता समान वजनाच्या हव्यात. फ्रान्सचा थोर गणिती दालांबेर येथेच फसला. दोन फेकींत एकदा तरी छापा पडण्याची संभाव्यता त्याने १७५४ मध्ये दोन-तृतीयांश सांगितली. पहिल्याच फेकीत छापा, काट्यानंतर छापा आणि दोन्ही वेळा काटा, अशा तीनच शक्यता त्याने मोजल्या. परंतु पहिल्या शक्यतेच्या पोटात दोन दडलेल्या आहेत; दुसरी फेक झाली असती, तर छापा पडला असता वा काटा. खरे उत्तर तीन-चतुर्थांश.