इंजिन तापलं, हे चोकला कोण सांगतं?

वेबर ३२/३६ या इटालियन कुळातल्या कार्ब्युरेटरची तीन भावंडं आहेत: डीजीव्ही, डीजीईव्ही आणि डीजीएव्ही. ३२ आणि ३६ मिलिमीटरचे दोन गळे तिघांनाही आहेत, अंगकाठीही सारखीच. पहिल्याचा चोक तार ओढून लावायचा, दुसऱ्याचा विजेवर तापून उघडतो आणि तिसऱ्याच्या चोकमधून इंजिनाचं गरम पाणी खेळतं. जुन्या गाडीवर बदली कार्ब्युरेटर चढवू पाहणाऱ्याला या तिघांतून एक निवडावा लागतो. मॅनिफोल्डवर बसवायला अ‍ॅडॉप्टर प्लेट मिळते, अ‍ॅक्सिलरेटरची जोडणी कशीबशी जमते. अडतं ते चोकपाशी, कारण चोकला कळावं लागतं की इंजिन गार आहे की तापलंय. ही बातमी चोकपर्यंत पोचवायच्या रीती शंभर वर्षांत अनेकदा बदलल्या, आणि बदली कार्ब्युरेटर पुष्कळदा एका रीतीचा असतो, गाडी दुसऱ्या रीतीची.

मुळात चोक लागतो कशाला? द्रवरूप पेट्रोल जळत नाही, त्याची वाफ जळते. तापलेल्या इंजिनाला वजनाने एक भाग पेट्रोलमागे साधारण १४.७ भाग हवा पुरते. गार इंजिनात पेट्रोलचा बराच भाग मॅनिफोल्डच्या थंड भिंतींवर ओल धरून बसतो आणि सिलिंडरपर्यंत पोचते ती फक्त चटकन उडणाऱ्या घटकांची वाफ. ती पुरेशी व्हावी म्हणून एरवीपेक्षा कितीतरी जास्त पेट्रोल आत ढकलावं लागतं. मग त्यासाठी सगळ्यात सोपी युक्ती म्हणजे एका झडपेने हवेची वाट अडवायची; तोच चोक. सिलिंडरची ओढ तेवढीच राहते, हवा कमी मिळते, त्यामुळे जेटमधून पेट्रोल उसळून येतं.

कार्ल बेंझच्या १८८६च्या तीनचाकी गाडीत पेट्रोलच्या पृष्ठभागावरची वाफच हवेत मिसळून घेतली जाई. १८९३च्या सुमारास जर्मनीत विल्हेल्म मायबाखने आणि हंगेरीत बांकी-चोंका जोडीने तुषार उडवणारा कार्ब्युरेटर आणला. ताकद वाढवायला तो उत्तम, पण तुषार म्हणजे थेंब, आणि थेंबांचं गार भिंतीवर काय होतं ते वर आलंच आहे. तिथून पुढे गारठ्यात गाडी चालू करणं हे वेगळं कसब होऊन बसलं.

फोर्डच्या मॉडेल टीमध्ये (१९०८ ते १९२७) हे कसब गाडीच्या तोंडापाशी चाले. रेडिएटरच्या खालच्या कडेला तारेची एक कडी बाहेर आलेली असे. एका हाताने हँडल मारायचं, दुसऱ्या हाताने ती कडी ओढून चोकची झडप बंद धरायची. इंजिन गार आहे हे माणसालाच ठाऊक, आणि झडपेवर हातही त्याचाच. १९१२मध्ये कॅडिलॅकने विजेचा स्टार्टर आणला. चालक आत बसूनच गाडी चालू करू लागल्यावर चोकनेही डॅशबोर्डावर बस्तान मांडलं. पुढची कित्येक दशकं ते काळं बटण ओढणं, इंजिनाचा सूर ऐकत ते थोडं थोडं आत सारणं, हा गाडी चालवायला शिकण्यातला धडाच होता. बटण आत ढकलायचं विसरलं की प्लग काळे, सायलेन्सरमधून धूर आणि पेट्रोलचा खर्च वर.

सगळ्यांनी झडपच वापरली असंही नाही. इंग्लंडच्या स्किनर बंधूंच्या एसयू कार्ब्युरेटरने वेगळा मार्ग धरला. तिथे चोकची तार ओढली की जेट खाली सरकतं, त्याच्यातल्या निमुळत्या सुईभोवतीची फट रुंदावते आणि पेट्रोल जास्त येतं. हवा अडवलीच जात नाही. आपल्या अ‍ॅम्बॅसेडरवर याच कुळातला कार्ब्युरेटर होता. जुन्या बुलेटवरच्या अमल कार्ब्युरेटरला एक छोटी खुंटी असे. ती दाबून फ्लोट बुडवायचा, पेट्रोल ओघळेपर्यंत. बाहेरून बघणाऱ्याला हा प्रकार गळतीसारखा वाटे, पण थंडीतल्या पहाटे त्याच्यासारखा हुकमी उपाय नव्हता.

फ्रान्सच्या सोलेक्सचा तोडगा या सगळ्यांहून निराळा. त्यांनी मुख्य कार्ब्युरेटरच्या कुशीत एक चिमुकला कार्ब्युरेटर बसवला, आपली हवा आणि आपलं जेट घेऊन येणारा. बाजूची चकती फिरवली की तो चालू, उलटी फिरवली की बंद. या कुळाचा आपल्याशी जवळचा संबंध आहे. महिंद्रांनी १९४०च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत माझगावला विलिस जीप जुळवायला सुरुवात केली, आणि पुढे भारतात घडवलेला सोलेक्स हा जुन्या जीपचा बदली कार्ब्युरेटर म्हणून अमेरिकेतही विकला गेला. दुसऱ्या महायुद्धातल्या जीपवर मुळात कार्टरचा कार्ब्युरेटर होता, चोकची झडप त्याच्या तोंडात. सोलेक्स बसवला की झडप गायब आणि तारेने फिरवायची ती बाजूची चकती. मूळ तार तिथवर वळणाविना पोचत नाही, तिच्या बाहेरच्या नळीला धरणारी पकड चुकीच्या जागी येते. म्हणजे पत्र्याची नवी पट्टी कापून वाकवणं आलं. आणि बटण पूर्ण आत गेल्यावर चकती खरोखर मिटते का, हे डोळ्यांनी बघणं आलं. अर्धवट उघडी राहिली तर तो चिमुकला कार्ब्युरेटर दिवसभर फुकट पेट्रोल पाजत राहतो.

माणसावरचा भार काढून घ्यायची कल्पना अमेरिकेची. १९३२च्या ओल्डस्मोबाइलने स्वयंचलित चोक आणला. त्याचं मर्म एका गुंडाळलेल्या स्प्रिंगमध्ये. वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावणारे दोन धातू एकत्र चिकटवून ती पट्टी बनते. गारठ्यात ती आवळून झडप बंद ठेवते, ऊब लागली की सैल होऊन उघडू देते. पण ऊब आणायची कुठून? कुणी एक्झॉस्टपाशी तापलेली हवा बारीक नळीतून स्प्रिंगपर्यंत नेली. कुणी स्प्रिंगच मॅनिफोल्डच्या खळग्यात बसवून वर झडपेपर्यंत काडी जोडली. कुणी रेडिएटरचं पाणी फिरवलं. फोक्सवॅगनने ऑगस्ट १९६०पासून बीटलवर सोलेक्सचा विजेवर तापणारा चोक दिला.

वीज सोयीची खरी, पण तिच्यात एक खोट आहे. एक्झॉस्टची हवा आणि गरम पाणी इंजिनाकडूनच येतं. विजेची कॉइल मात्र इंजिन कसं आहे याची चौकशीच करत नाही, किल्ली फिरली की ठरलेल्या वेळात स्प्रिंग तापवून मोकळी होते. गाडी अर्धा तास उभी केली की इंजिन गरमच असतं, स्प्रिंग मात्र निवलेली. पुन्हा चालू करताना झडप अर्धी बंद, आणि धूर. तरीही सत्तरच्या दशकात वीज जिंकली. अमेरिकेच्या १९७०च्या स्वच्छ हवा कायद्यानंतर झडप लवकर उघडणं कारखान्यांना भागच होतं, कारण चोक लागलेलं इंजिन कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेलं पेट्रोल भरपूर ओकतं.

बदली कार्ब्युरेटरवाल्यांची खरी फजिती या विजेच्या तारेपाशी होते. बीटल आधी ६ व्होल्टवर चाले, १९६७च्या मॉडेलपासून अमेरिकेत १२वर आली. ६ व्होल्टच्या गाडीवर १२ व्होल्टचा चोक असलेला कार्ब्युरेटर बसवला, तर त्याची कॉइल चौथाईच तापते, आणि चोक उघडायला एक युग लागतं. उलट केलं तर चौपट तापून कॉइल जळते. फोर्डने चोकला वीज दिली ती आल्टर्नेटरच्या स्टेटर टोकावरून, सुमारे ७ व्होल्ट. हेतू चांगला होता: इंजिन फिरत असेल तरच चोक तापावा. त्या तारेला बाजारातल्या बदली कार्ब्युरेटरचा १२ व्होल्टचा चोक जोडला की मिळणारी ऊब जेमतेम तिसरा हिस्सा. दुसरा मोह इग्निशन कॉइलवरून तार घेण्याचा. जिथे कॉइलआधी बॅलास्ट रेझिस्टर आहे तिथे व्होल्टेज कमी मिळतं, शिवाय ठिणगीच्या वाट्याची वीज पळवली जाते. किल्लीबरोबर चालू होणारी स्वतंत्र तार फ्यूजमधून आणावी, हा साधा उपाय आहे. फक्त किल्ली चालू ठेवून, इंजिन न फिरवता रेडिओ ऐकत बसू नये, नाहीतर गाडी चालू करायच्या आधीच चोक उघडून बसतो.

एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या मालकांना तर तिन्ही रीतींशी सामना करावा लागतो. मूळच्या गाडीला एसयूची जोडी आणि डॅशवर चोकचं बटण. अमेरिकेत १९७५च्या मॉडेलपासून एकच झेनिथ-स्ट्रॉमबर्ग आणि पाण्यावर तापणारा चोक. तो कटकटीचा वाटला की अनेकजण वेबरकडे वळतात. डीजीएव्ही घेतला तर पाण्याच्या दोन नळ्या जुळवायच्या. डीजीव्ही घेतला तर डॅशला बटण बसवून तार फायरवॉलमधून पार करायची. ती तार झडपेला ओढतेही आणि ढकलतेही, म्हणून वळण रुंद हवं. डीजीईव्हीला विजेची एक तार पुरते, म्हणून तो सोपा वाटतो. पण इंजिनाची खबर त्याला कधीच मिळत नाही. स्वतःच्या कानावर भरवसा असलेल्याने हातचा चोक घ्यावा, हे माझं मत.

विजेचा चोक बसवल्यावर शेवटचं काम त्याच्या गोल टोपणाचं. तीन स्क्रू सैल करून ते फिरवलं की स्प्रिंगची आवळ बदलते. गार इंजिनावर अ‍ॅक्सिलरेटर एकदा दाबून सोडायचा. झडप हलकेच टेकली पाहिजे, घट्ट नाही. कारखान्यातून येणारी खूण थंड मुलखाच्या सवयीची असते. मुंबईच्या हवेत ती एखादी रेघ मोकळ्या बाजूला सरकवलेलीच बरी, तर डिसेंबरात पुण्याच्या पहाटे पारा दहावर आला की तीच खूण जागेवर ठेवावी लागते. मग आयडलिंग तपासायचं. झडप पूर्ण उघडल्यावरही इंजिन भरभर फिरत असेल, तर गार इंजिनाचा वेग वाढवून ठेवणारा फास्ट आयडलचा स्क्रू आधी मागे घ्यायचा आणि मगच टोपणाला पुन्हा हात लावायचा.