शल्य

जिल्हा रुग्णालयात ‘जिल्हा शल्यचिकित्सक’ ही पाटी दिसते. तिच्यातला ‘शल्य’ रणांगणावरचा. शल्य म्हणजे बाणाचे टोक, पुढे अंगात रुतलेली कोणतीही वस्तू. मराठीत ते झिजून ‘सल’ झाले आणि मनात जाऊन बसले.

सुश्रुतसंहितेत शल्य काढण्याचे 15 उपाय आहेत. लोखंडी टोक सैल असेल, जखमेचे तोंड मोठे असेल, तर अयस्कांत, म्हणजे लोहचुंबक. हाडात रुतलेले हलेचना, तर ते धनुष्याच्या दोरीने घोड्याच्या लगामाला बांधायचे आणि घोड्याला चाबूक मारायचा. घोडा मान उडवतो, शल्य बाहेर! (रुग्णाचे मत ग्रंथाने विचारलेले नाही.)

आणि रणांगणावर? कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रा’तल्या सैन्यात शस्त्रे, यंत्रे, औषधे, तेल-तूप नि कापड घेतलेले वैद्य पिछाडीला उभे असतात. सोबत अन्नपाणी सांभाळणाऱ्या, लढणाऱ्यांना हुरूप देणाऱ्या स्त्रियाही.