‘मॉथ’ विमान आणि भारतातील खाजगी विमानमालकी : एक ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

भारतातील विमानविद्येच्या इतिहासाचा विचार करताना आपले लक्ष प्रामुख्याने वैमानिकांचे पराक्रम आणि विमान कंपन्यांची उभारणी या दोन गोष्टींकडे जाते. एखाद्या व्यक्तीने स्वतःसाठी लहान विमान विकत घ्यावे, ते स्वतः चालवावे आणि वर्षानुवर्षे उडण्यायोग्य स्थितीत ठेवावे, या तिसऱ्या गोष्टीचा विचार मात्र ‘संस्थानिकांचा षोक’ एवढ्या दोन शब्दांत आटोपला जातो. वस्तुतः १९२५ ते १९३९ या काळात खाजगी विमान ही सामान्य नव्हे, तरी मध्यम उत्पन्नाच्या माणसाच्या आवाक्यात येऊ शकणारी वस्तू आहे, अशी कल्पना इंग्लंडमध्ये मूळ धरू लागली होती आणि तिचे पडसाद मुंबई, कराची, दिल्ली व कलकत्ता येथेही उमटले. ही कल्पना भारतात का रुजली नाही, याचे उत्तर विमानाच्या किमतीत शोधण्यापेक्षा त्याच्या देखभालीत शोधावे लागते, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

मालकासाठी बांधलेले विमान

पहिल्या महायुद्धानंतर लष्करातून निकामी ठरलेली विमाने स्वस्तात मिळत असत. परंतु ती अवजड, इंधनखाऊ आणि एकट्या मालकाला न झेपणारी होती. उलटपक्षी, १९२३ सालच्या हलक्या विमानांच्या स्पर्धेत उतरलेली विमाने इतकी कमी शक्तीची होती की समोरून जोराचा वारा आला तर त्यांची प्रगती खुंटे. जेफ्री डी हॅविलँड यांनी या दोन टोकांमधला मार्ग काढला. त्यांनी रचलेल्या ‘डी. एच. ६० मॉथ’ या दोन आसनी द्विपंखी विमानाने २२ फेब्रुवारी १९२५ रोजी लंडनजवळील स्टॅग लेन येथून पहिले उड्डाण केले.

या विमानाची रचना पाहिली म्हणजे ती करणाऱ्याच्या डोळ्यांसमोर मालक होता, हे ध्यानात येते. त्याचे तीस फुटी पंख मागे दुमडता येत. मग सुमारे दहा फूट रुंदीच्या शेडमध्ये ते मावे आणि हँगरचे भाडे वाचे. फ्रँक हॅलफर्ड यांनी तयार केलेले ‘सिरस’ इंजिन हे युद्धकाळातील शिल्लक रेनॉ इंजिनाच्या आठ सिलिंडरांपैकी चारच घेऊन, म्हणजे जवळजवळ अर्धे करून बनविले होते. त्याची शक्ती साठ अश्वशक्ती होती. पुढे शिल्लक रेनॉ इंजिनांचा साठा संपत आला, तेव्हा १९२८ साली शंभर अश्वशक्तीचे ‘जिप्सी’ इंजिन आले आणि ‘जिप्सी मॉथ’ हे नाव सर्वतोमुखी झाले. याच वर्गातील दोन विमाने घेऊन स्टॅक व लीट हे दोन इंग्रज वैमानिक नोव्हेंबर १९२६ मध्ये लंडनहून निघाले आणि जानेवारी १९२७ मध्ये दिल्लीस पोहोचले. हलके विमान भारतापर्यंत येऊ शकते, हे त्यामुळे सिद्ध झाले.

जिप्सी मॉथची किंमत इंग्लंडात सुमारे ६५० पौंड होती. १९२७ पासून रुपयाचा दर एक शिलिंग सहा पेन्स असा ठरलेला असल्याने हा आकडा साडेआठ हजार रुपयांहून थोडा अधिक भरतो. बोटीचे भाडे आणि जुळणीचा खर्च वेगळा. रक्कम मोठी खरी. पण मुंबईतील सुखवस्तू व्यापाऱ्याला ती अशक्य नव्हती. तरीही येथील विमानांचे मालक हाताच्या बोटांवर मोजण्याजोगेच राहिले.

लाकूड, कापड आणि पावसाळा

कारण विमान आणून उभे केल्यावर खरा खर्च सुरू होई. मॉथचा सांगाडा लाकडी होता, त्याला प्लायवुडचे आवरण होते आणि पंखांवर तागाचे कापड ताणून त्यावर डोपचे थर दिलेले असत. लाकडाचे सांधे दुधातील केसिनपासून केलेल्या सरसाने जोडत. हा सरस कोरड्या हवेत उत्तम टिकतो. परंतु दमट हवेत त्याची पकड कमी होते आणि त्यावर बुरशी धरते. कोकणपट्टीतील चार महिन्यांच्या पावसात अशा विमानाचे काय होत असेल, याची कल्पना करणे कठीण नाही. पावसाळा सरल्यावर ऊन कापडाला जीर्ण करी. पंखांना बांधणाऱ्या तारांचा ताण वेळोवेळी तपासावा लागे, कारण तो बिघडला की विमान एका अंगाला कलून उडे. आरंभीच्या जिप्सी इंजिनाची झडपा हलविणारी यंत्रणा उघडी असे. सिंध-राजपुतान्याच्या धुळीत तिला पुनःपुन्हा पुसून वंगण देणे भाग पडे. इंजिनात साठणारा कार्बन खरवडणे आणि झडपा घासून बसविणे ही कामे निराळीच. कंपनीने पुढे पोलादी नळ्यांचा सांगाडा असलेली आवृत्ती काढली, त्यामागे परदेशांतील अशा हवामानाचा आणि दुरुस्तीच्या सोयीचा विचार होता.

ही कामे कोणीही करून चालत नसे. ब्रिटिश पद्धतीनुसार ग्राउंड इंजिनिअरच्या परवान्याचे वर्ग ठरलेले होते : विमानाची उड्डाणापूर्वीची तपासणी ‘ए’, बांधणी व मोठी दुरुस्ती ‘बी’, इंजिनाची उड्डाणापूर्वीची तपासणी ‘सी’, इंजिनाची पूर्ण उकल-जुळणी ‘डी’. उड्डाणयोग्यतेचे प्रमाणपत्र मुदतीने नवे करून घ्यावे लागे आणि त्यासाठी अशा परवानाधारकाची सही अनिवार्य असे. मोटार बिघडली तर गल्लीतला मिस्त्री चालतो. विमानाला तो कायद्याने वर्ज्य होता. एका विमानासाठी असा माणूस पगारी ठेवणे म्हणजे घोड्यापेक्षा मोतद्दार महाग, अशी गत.

यावर उपाय म्हणून फ्लाइंग क्लब पुढे आले. इंग्लंडात १९२५ साली सरकारी साहाय्याने हे क्लब सुरू झाले होते. भारतात १९२७ साली नागरी विमानवाहतुकीचे स्वतंत्र खाते निर्माण झाले आणि पुढील दोन वर्षांत दिल्ली, कराची, कलकत्ता व मुंबई येथे क्लब स्थापन होऊन त्यांना शासनाचे अर्थसाहाय्य मिळाले. मुंबईसाठी १९२८ साली जुहूचे मैदान तयार झाले. १० फेब्रुवारी १९२९ रोजी भारतात दिला गेलेला पहिला वैमानिक परवाना जे. आर. डी. टाटा यांना मिळाला, ही घटना सर्वज्ञात आहे. तिच्याइतकीच महत्त्वाची, पण क्वचितच नमूद होणारी बाब अशी की, क्लबामुळे एकच हँगर, सुट्या भागांचा एकच साठा आणि एकच परवानाधारक तंत्रज्ञ अनेकांत वाटला गेला. मालकी सामुदायिक झाली म्हणून उड्डाण शक्य झाले.

१९३० चा मे महिना

इंग्लंड व भारत यांदरम्यान एकट्याने विमान नेणाऱ्या पहिल्या भारतीयास आगाखान यांनी ५०० पौंडांचे पारितोषिक जाहीर केले होते. त्यासाठी टाटा कराचीहून पश्चिमेकडे निघाले, तर अ‍ॅस्पी इंजिनिअर हा सतरा वर्षांचा युवक इंग्लंडहून पूर्वेकडे. दोघांचीही विमाने जिप्सी मॉथ. इजिप्तमधील अबुकिर येथे दोघांची गाठ पडली, तेव्हा इंजिनिअर स्पार्क प्लगवाचून अडकून पडले होते. टाटांनी आपल्याजवळचे जादा प्लग त्यांना दिले. पारितोषिक इंजिनिअर यांनी जिंकले. पुढे तेच भारतीय वायुसेनेचे प्रमुख झाले. या प्रसंगाचे वर्णन टाटांच्या खिलाडूवृत्तीचा दाखला म्हणून नेहमी केले जाते आणि ते योग्यच आहे. तथापि इतिहासाच्या अभ्यासकाने त्यात आणखी एक गोष्ट पाहावी : वैमानिक निरोगी, विमान शाबूत, हवामान अनुकूल, आणि तरीही मुठीत मावणाऱ्या एका वस्तूअभावी सारा प्रवास थांबलेला. तिसरे स्पर्धक मनमोहन सिंग यांनीही अंतर पार केले, परंतु मुदत टळल्याने त्यांना पारितोषिक मिळू शकले नाही.

त्याच महिन्यात अ‍ॅमी जॉन्सन ही इंग्रज तरुणी ‘जेसन’ नावाच्या जुन्या जिप्सी मॉथमधून ऑस्ट्रेलियाकडे जाताना भारतावरून गेली. झाशीच्या कवायत मैदानावर उतरताना विमानाच्या पंखाला इजा झाली. ब्रह्मदेशात इनसीन येथे रंगूनचे मैदान समजून ती भलत्याच मैदानात उतरली आणि विमान खड्ड्यात गेले. तेथील तंत्रशिक्षण संस्थेतील लोकांच्या मदतीने पंखाची डागडुजी झाली. तुटलेल्या प्रॉपेलरच्या जागी तिने विमानाला बांधून आणलेला दुसरा प्रॉपेलर बसविण्यात आला. २४ मे रोजी ती डार्विनला पोहोचली. वृत्तपत्रांनी तिच्या धाडसाचे आणि तारुण्याचे कौतुक केले. १९२९ सालीच तिने ग्राउंड इंजिनिअरचा ‘सी’ परवाना मिळविला होता आणि असा परवाना मिळविणारी ती पहिली ब्रिटिश स्त्री होती, ही बाब मात्र मागे पडली. माझ्या मते तिच्या यशाचा अधिक मोठा वाटा याच परवान्याचा आहे.

षोकाकडून व्यवसायाकडे

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी टाटांनी कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूपर्यंत टपाल आणले, ते ‘पुस मॉथ’ या मूलतः खाजगी मालकांसाठी बनविलेल्या विमानातूनच. जुहूला नारळीच्या झावळ्यांनी शाकारलेली शेड होती. पावसाळ्यात मैदान पाण्याखाली जाई, म्हणून दरवर्षी कारभार पुण्याला हलवावा लागे. ज्याचे विमान दिवसाआड उडते, त्यालाच तंत्रज्ञ परवडतो, हे गणित या सेवेने सोडविले. हौशी मालकाला ते कधीच सुटले नाही. जोधपूरचे महाराजा उमेदसिंह यांच्यासारखे संस्थानिक अपवाद ठरले, कारण त्यांच्या पदरी मैदान, शेड आणि माणसे ही तिन्ही होती.

कायद्याची चौकटही याच काळात घट्ट झाली. १९११ च्या हवाई जहाज कायद्याच्या जागी १९३४ चा विमान अधिनियम आला, त्याखालील नियम १९३७ साली झाले. हा अधिनियम पुढे नव्वद वर्षे टिकला. १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ ने त्याची जागा घेतली आहे.

स्वातंत्र्यानंतर परकीय चलनाची टंचाई आणि आयात परवाने यांमुळे बाहेरचे विमान व त्याचे सुटे भाग आणणे अधिकच दुष्कर झाले. यावर देशी उत्तर म्हणजे हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या कारखान्यातून आलेले ‘पुष्पक’ हे नव्वद अश्वशक्तीचे दोन आसनी विमान. त्याचे पहिले उड्डाण सप्टेंबर १९५८ मध्ये झाले. त्यापूर्वी १९५१ साली उडालेल्या ‘एच. टी. २’ प्रमाणेच यामागेही डॉ. विष्णू माधव घाटगे यांचे नेतृत्व होते. कोल्हापूर भागातून आलेला हा विद्वान जर्मनीत ग्यॉटिंगेनला प्रांट्ल यांच्याकडे शिकून आला होता. मात्र पुष्पक गेले ते मुख्यतः फ्लाइंग क्लबांकडे. पुन्हा तेच : एक हँगर, एक तंत्रज्ञ, अनेक वैमानिक.

१५ ऑक्टोबर १९८२ रोजी अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या टाटांनी कराची–मुंबई उड्डाणाची पुनरावृत्ती केली, तेव्हा जुन्या घराण्यातील ‘लेपर्ड मॉथ’ वापरण्यात आले. छायाचित्रे टाटांची निघाली. जवळपास अर्धशतक जुन्या विमानाला ज्यांनी त्या दिवसासाठी उडण्यायोग्य केले, त्यांची नावे शोधू जाता मात्र सहज हाती लागत नाहीत. अभिलेखागारांतील क्लबांच्या नोंदवह्या आणि देखभालीची लॉगबुके या दृष्टीने तपासली जाणे आवश्यक आहे. अशा कागदांवर प्रत्येक कामाखाली सही असते, आणि ती सही मालकाची नसते.

अलीकडचे उदाहरण वैमानिक अमोल यादव यांचे. मुंबईत कांदिवली येथील इमारतीच्या गच्चीवर बांधलेले त्यांचे सहा आसनी विमान २०१६ साली मुंबईतील प्रदर्शनात ठेवले गेले. नोंदणी झाली २०१७ साली, उड्डाणाची परवानगी २०१९ साली आणि चाचणी उड्डाण धुळे येथे २०२० साली. बांधलेले विमान आणि उडणारे विमान यांमधले हे अंतर कागदांचे होते. लहान पिस्टन विमानांना लागणाऱ्या खास पेट्रोलची कथाही अशीच आहे : ते देशात तयार होऊ लागले ते २०२२ साली, बडोद्याच्या शुद्धीकरण कारखान्यात. तोपर्यंत ते बाहेरून येत असे.